महिला मंडळाचं नियोजन वेगळं, नेतृत्व वेगळं

चर्चच्या महिला मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम कसा आखायचा, हे बहुतेक भगिनींना शिकवावं लागत नाही. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन, मग उपवास-प्रार्थना, एखादं शिबिर, नाताळची तयारी. वक्ता, विषय, गीतं, चहा, हिशेब. तारखा पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारून ठरवाव्यात, पैशाचा हिशेब लेखी ठेवावा. नियोजनाबद्दल एवढं पुरे.

घोळ पुढे होतो. हे सगळं चोख पार पाडणारीलाच आपण पुढारी मानतो आणि कार्यक्रम छान झाला म्हणजे सेवा झाली, असं तिलाही वाटू लागतं. सभा संपल्यावर नियोजन करणारी विचारते, किती जणी आल्या? नेतृत्व करणारीने विचारायचं असतं, कोण आलं नाही आणि का? पहिलं उत्तर हजेरीवहीत मिळतं. दुसऱ्यासाठी घरी जावं लागतं. गेल्यावर कळतं की एकीला त्या वेळी कामावरून सुटताच येत नाही, दुसरीची सासू अंथरुणाला खिळली आहे, तिसरीच्या नवऱ्याला तिचं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येणंच खपत नाही. वक्ता कितीही चांगला आणला तरी या तिघी येणार नाहीत. पहिलीसाठी सभेची वेळ बदला. दुसरीकडे दोघींनी जाऊन, सासूच्या खाटेशी बसून बायबलमधलं वचन वाचा. तिसरीला तिच्या सोयीने फोन करा आणि तिचं नाव चारचौघींत काढू नका.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगते. खाजगीत सांगितलेलं दुःख ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून सर्वांसमोर वाचून दाखवतात, याची मला मनस्वी चीड आहे. ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही. तिला विचारल्याशिवाय एक शब्दही पुढे जाऊ नये.

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात टबीथा म्हणजे दुर्कस वारली, तेव्हा विधवा रडत रडत तिने केलेले अंगरखे प्रेषित पेत्राला दाखवत होत्या. तिच्या नावाने शिवणवर्ग काढायला आपण तयार असतो, पण आपल्याच मंडळीतल्या विधवांची नावं विचारली की अडखळतो. बायबलमधल्या तीताच्या पत्रात (2:3-5) वयस्क स्त्रियांनी तरुणींना शिकवावं असं आहे. तेही वर्षातून एकदा व्याख्यान ठेवून साधत नाही. एकेका वयस्क भगिनीकडे दोन-तीन तरुणी नावानिशी सोपवा, कधी आणि कुठे भेटायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

शक्य असेल तिथे नियोजन आणि नेतृत्व ही दोन कामं दोघींकडे द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. नियोजनात तरबेज बाईला सभेच्या दिवशी खुर्च्या आणि माईक सांभाळायचे असतात, कोपऱ्यात गप्प बसलेलीकडे तिचं लक्ष जाणार कसं? आणि समितीच्या बैठकीत आधी नावं घ्या: कोण आजारी आहे, कोण दिसली नाही, कोणाकडे कोण जाणार. कार्यक्रमाचं नंतर. वेळ संपलाच तर चहाचं फोनवर ठरवता येतं.