डब वाद्यवृंद, ब्रिटिश

जमैकन डब-रेगे, गिटारप्रधान रॉक आणि हिपहॉप यांचा मेळ प्रत्यक्ष मैफलीत घालणारे ब्रिटनमधील वाद्यवृंद. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची साधारण पंचवीस वर्षे हा त्यांचा भराचा काळ होय. ‘वाद्यवृंद’ हा शब्द येथे थोडा सैल अर्थाने घ्यावा लागतो. यांतल्या काहींचा प्रमुख कलावंत रंगमंचावर नव्हे, तर श्रोत्यांच्या मागे, वाद्यांचे आवाज एकत्र मिसळणाऱ्या मिक्सर या यंत्रापाशी उभा असतो.

‘डब’ म्हणजे ध्वनिमुद्रणाची प्रत. चित्रपटांच्या ‘डबिंग’मधलाच हा शब्द. जमैकात मोठाले स्पीकर मांडून उघड्यावर नाच भरवणारे साउंड सिस्टिमचालक नव्या गाण्याची खास तबकडी कोरून घेत, तिला डबप्लेट म्हणत. संगीतप्रकार म्हणून डबचा उगम नेमका कोठून धरावा, याविषयी एकवाक्यता नाही. एका प्रचलित हकिकतीनुसार १९६७-६८ च्या सुमारास किंग्स्टनच्या ट्रेझर आइल स्टुडिओत रडी रेडवुड या चालकासाठी तबकडी कोरताना बायरन स्मिथ या ध्वनितंत्रज्ञाकडून गायन चुकून वगळले गेले, आणि ती तबकडीच नाचणाऱ्यांना अधिक भावली. हकिकत खरी धरली, तरी तिच्यातून उलगडतो तो ‘व्हर्शन’चा, म्हणजे गायनाविना आवृत्तीचा उगम. गायन वगळणे ही नुसती वजाबाकी. उरलेले ध्वनी प्रतिध्वनीत भिजवून, मध्येच तोडून, पुन्हा आणून नवी रचना उभी करणे ही निराळी गोष्ट. त्या दृष्टीने किंग टबी (ऑस्बर्न रडक) यास आद्य प्रवर्तक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. टबी मूळचा विद्युत् उपकरणे दुरुस्त करणारा; आपल्या चार ट्रॅकच्या मिक्सरमध्ये त्याने स्वतःच फेरफार करून घेतले होते. पहिल्या डब अल्बमचा मान ली पेरी, हर्मन चिन-लॉय की क्लाइव्ह चिन व एरल थॉम्पसन यांच्याकडे जातो, हाही वाद आहे. तिन्ही दावे १९७३ च्या आसपासचे.

अशी ही स्टुडिओची निर्मिती मैफलीत आणायची कशी, हा ब्रिटिश वाद्यवृंदांपुढचा खरा प्रश्न. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात चारांपैकी पहिली मात्रा मोकळी राहते व बेस ड्रमचा आघात तिसरीवर पडतो (येथे आपल्याला तबल्यातली खाली आठवते, पण तुलना फार ताणू नये). त्या मोकळ्या जागेमुळे बेस गिटारची धून उठून दिसते आणि प्रतिध्वनीला फिरायला वाव मिळतो. मिक्सरवरचा कलावंत ड्रमचा एकच ठोका प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या एकोयंत्राकडे पाठवतो आणि तो विरत असतानाच गिटारचा आवाज खाली ओढतो. गिटारवादक मात्र वाजवतच असतो; श्रोत्यांना तो ऐकू येत नाही इतकेच.

ब्रिटनमध्ये या संगमाचे श्रेय बहुधा द क्लॅश या पंक वाद्यवृंदाला दिले जाते. त्यांनी १९७७ च्या पहिल्या अल्बममध्ये ज्युनियर मर्विनचे रेगे गीत वाजवले हे खरे. परंतु तेथे रॉकने रेगे उसने घेतले, डब नव्हे. डबची पद्धत उचलली गेली ती बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या डेनिस बोव्हेलमुळे. मटुंबी या रेगे वाद्यवृंदाचा हा गिटारवादक १९७९ मध्ये द स्लिट्स व द पॉप ग्रुप या दोन्ही वाद्यवृंदांच्या पहिल्या अल्बमचा निर्माता होता. कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांच्या साथीला असलेल्या वाद्यवृंदाचे नावच ‘डेनिस बोव्हेल डब बँड’. त्याच सुमारास एड्रियन शेरवूड या ब्रिटिश निर्मात्याने मैफलीतच मिक्सिंग करण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकात त्याच्याभोवती जमलेल्या टॅकहेड या वाद्यवृंदात डग विंबिश, स्किप मॅक्डॉनल्ड व कीथ लब्लँक होते. अमेरिकेतील शुगरहिल कंपनीच्या सुरुवातीच्या हिपहॉप तबकड्यांवर वाजवलेले हे तिघे. शेरवूड येथे मिक्सरसह वाद्यवृंदाचा सदस्यच गणला जाई, आणि प्रस्तुत प्रकाराची व्याख्या येथूनच करणे योग्य.

एशियन डब फाउंडेशन हा वाद्यवृंद १९९३ मध्ये लंडनच्या कम्युनिटी म्युझिक संस्थेतील कार्यशाळेतून निघाला. तेथे शिकवणारा बेसवादक अनिरुद्ध दास, जॉन पंडित आणि विद्यार्थी रॅपर दीदार जमान हे मूळचे तिघे. पुढे आलेला स्टीव्ह चंद्र सावळे गिटारच्या सर्व तारा एकाच स्वरात लावून सतारीसारखा नाद काढी. रेगेच्या जवळपास दुप्पट लयीचे ‘जंगल’ नावाचे नृत्यसंगीत त्यांनी डबच्या बेसवर बसवले: ड्रम धावतात, बेस मात्र निम्म्या गतीने चालतो. त्यांच्या १९९८ च्या अल्बमला ब्रिटनमधील मर्क्युरी या संगीत पुरस्काराचे नामांकन मिळाले.

द क्लॅशमधून काढून टाकलेल्या मिक जोन्सचा बिग ऑडिओ डायनामाइट (१९८४) आणि त्याच्या ड्रमवादकाने काढलेला ड्रेडझोन (१९९३) हेही याच परंपरेतले. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकला काहीजण यात धरतात. त्यांची घडण मात्र साउंड सिस्टिमची.