शेजाऱ्याच्या शब्दावर: प्रगत राऊटिंगच्या पेपरामागचा इतिहास

भाची यंदा सातव्या सेमिस्टरला आहे. बडोद्यातल्या तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिनं 'प्रगत नेटवर्क राऊटिंग' हा ऐच्छिक विषय घेतला, आणि गेल्या रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती अभ्यासक्रमाचा कागद हातात घेऊनच. आरआयपी, ओएसपीएफ, आयएस-आयएस, बीजीपी: नेटवर्कात निरोपाची वाट ठरवणारे चार प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसांत बोलायचे नियम. प्रत्येकाखाली पॅकेटची रचना, टायमर, आकडे. "मामा, काम तर एकच ना, वाट शोधायचं? मग त्याला चार-चार प्रोटोकॉल कशाला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर त्या कागदावर कुठेच नाही. अभ्यासक्रम प्रोटोकॉलच्या नावांनी लावलेला असतो. हे प्रोटोकॉल जन्मले ते मात्र आधीचं काहीतरी मोडल्यावर. वीस वर्षं नेटवर्कचं काम केल्यावर मला असं दिसतं की, दर वेळी जे मोडलं त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती: वाटेबद्दल कुणाचा शब्द मानायचा आणि किती मानायचा. तो धागा धरला की हा विषय पाठ करावा लागत नाही.

सुरुवात नेटवर्कच्या आधी होते. १९५६ साली डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा ॲम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमले आणि कॉफी प्यायला बसले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा, हे त्यांनी तिथे कागद-पेन्सिलीवाचून वीसेक मिनिटांत सोडवलं. 'आरमॅक' नावाचा नवा संगणक लोकांना दाखवायचा होता, म्हणून नेदरलँड्समधली ६४ शहरं घेतली. ६४च का, तर शहराचा क्रमांक सहा बिटांत, म्हणजे ० किंवा १ अशा सहा खुणांत मावतो. ही पद्धत छापून आली १९५९मध्ये. त्याच सुमारास अमेरिकेत लेस्टर फोर्ड (१९५६) आणि रिचर्ड बेलमन (१९५८) यांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला होता.

डायक्स्ट्राच्या पद्धतीला सगळा नकाशा समोर लागतो. बेलमन-फोर्डला नकाशा लागतच नाही. शेजाऱ्यानं 'माझ्यापासून ते गाव इतकं लांब आहे' असं सांगितलं, की त्यात आपल्यापासून शेजाऱ्यापर्यंतचं अंतर मिळवायचं आणि जिथून आकडा कमी येईल तिकडे वळायचं. अर्धा अभ्यासक्रम या एका फरकावर उभा आहे.

नेटवर्क आलं ते १९६०च्या दशकात. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या पॉल बॅरन यांच्यापुढे प्रश्न होता अणुहल्ल्याचा: मधली एक्सचेंज उडाली तर निरोप जाणार कसा? त्यांनी १९६४मध्ये मांडलं की मध्यवर्ती ठाणं नकोच. निरोपाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक ठाण्यानं हातात आलेला तुकडा गरम बटाट्यासारखा लगेच पुढे ढकलावा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच विचाराशी पोचले, आणि अशा तुकड्याला 'पॅकेट' हा शब्द त्यांचा.

पुढचं ठाणं तेवढं माहीत असावं, ही कल्पना आमच्या भागात समजावायला सोपी जाते. गायकवाडी राज्यात १८६२ साली मियागाम ते डभोई अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, पहिल्यांदा बैलांनी ओढलेली. पुढे डभोईला इतके फाटे फुटले की ते अरुंद मार्गाचं मोठं जंक्शन झालं. डभोईच्या माणसाला डबा कुठल्या फाट्याला लावायचा तेवढं कळलं की पुरे. पुढचं पुढच्या स्टेशनचा माणूस बघेल. राऊटर, म्हणजे नेटवर्कात पॅकेट पुढे पाठवणारं यंत्र, तेसुद्धा तेवढंच करतं. सगळी मेख आहे ती, कुठला फाटा हे राऊटरला सांगणार कोण, यात.

अर्पानेट या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या संगणक-नेटवर्कवर पहिला निरोप गेला २९ ऑक्टोबर १९६९ला, लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत. 'लॉगिन' टाइप करायचं होतं. एल आणि ओ ही दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. वर्षअखेरीपर्यंत चार ठाणी जोडली गेली. प्रत्येक ठाण्यावर राऊटरचं काम करणारं कपाटाएवढं यंत्र होतं, त्याला इम्प म्हणत. हे इम्प दर २/३ सेकंदाला आपापला अंतरांचा तक्ता शेजाऱ्याला देत. म्हणजे बेलमन-फोर्ड, म्हणजे शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास.

यात कुठे बिनसतं, ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला. अशा वेळी घर नदीच्या एका बाजूला, ऑफिस दुसऱ्या. कुणी सांगतं, "अमक्या पुलावरून जाता येतंय, मला सोसायटीतल्या एकानं सांगितलं." त्या एकाला गाठून विचारावं, तर त्याला ते सकाळी तुम्हीच सांगितलेलं असतं. पूल केव्हाच बंद झालेला असतो, पण बातमी कर्णोपकर्णी फिरत राहते आणि प्रत्येकाला ती ताजी वाटते.

भाचीला वही उघडायला लावली. अ, ब, क हे तीन राऊटर एका ओळीत. ब पासून क एक टप्पा, अ पासून दोन. आता ब आणि क मधली तार तुटली. ब ला कळलं की क ला जाता येत नाही. तेवढ्यात अ सांगतो, "मला क दोन टप्प्यांवर आहे." ती वाट ब मधूनच जात होती, हे अ सांगत नाही आणि ब ला कळायला मार्ग नाही. ब लिहितो तीन. ते ऐकून अ लिहितो चार. मग पाच, सहा, सात. ती लिहीत गेली आणि दहावर पेन थांबवून म्हणाली, "हे थांबणार कधी?" थांबतच नाही, याला अनंतापर्यंत मोजणं म्हणतात. शेजाऱ्याच्या शब्दावरच चालणाऱ्या आरआयपीनं त्यावर उपाय केला तो असा, की सोळालाच अनंत म्हणायचं. पंधरा टप्प्यांपलीकडचं गाव अस्तित्वातच नाही. परीक्षेत 'आरआयपीची मर्यादा १५ हॉप' असं दोन मार्कांना विचारतात. तो १५ आकडा या वहीतल्या खेळाला घातलेला बांध आहे. शेजाऱ्याकडून शिकलेली वाट त्यालाच परत सांगायची नाही, हा दुसरा उपाय. दोघांमधला गोंधळ त्यानं मिटतो, पण तिघांच्या वर्तुळात तोही अपुरा पडतो.

आरआयपी अभ्यासक्रमात पहिला येतो म्हणून तो सगळ्यात जुना, असा मुलांचा समज होतो. खरं तर अर्पानेटनं ही पद्धत सोडल्यावर आरआयपी पसरला. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या कार्यप्रणालीबरोबर 'राऊटेड' नावाचा प्रोग्राम १९८३च्या सुमारास आयता मिळू लागला आणि सगळीकडे गेला. त्याचे नियम चार्ल्स हेड्रिक यांनी कागदावर मांडले ते जून १९८८मध्ये. आधी वापर, मग नियम.

अर्पानेटनं मे १९७९मध्ये पद्धत बदलली. आता इम्पनं अंतरं सांगायची नाहीत. फक्त स्वतःला जोडलेल्या तारांचं, स्वतः मोजलेलं सांगायचं, आणि ते शेजाऱ्याला नव्हे तर साऱ्या नेटवर्कला. दहा-दहा सेकंदांची सरासरी काढून विलंब मोजला जाई. प्रत्येक इम्प सगळ्यांची माहिती गोळा करून आपला नकाशा करी आणि त्यावर डायक्स्ट्रा चालवी. ऐकीव माहिती बाद; ज्याचं त्यानं डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच खरं.

मग २७ ऑक्टोबर १९८०ला अख्खं अर्पानेट कित्येक तास ठप्प झालं. मला या विषयातला हा सगळ्यात शिकवणारा दिवस वाटतो.

निरोप जुना की नवा हे ओळखायला त्यावर सहा बिटांचा क्रमांक असे, ० ते ६३. तो संपला की पुन्हा शून्यापासून, घड्याळासारखा. त्यामुळे 'मोठा तो नवा' असं म्हणता येईना. नियम असा: दोघांत ३२ किंवा त्याहून कमी अंतर असेल तर मोठा नवा, जास्त असेल तर लहान नवा. त्या दिवशी एका इम्पच्या मेमरीतून बिट गळत होते. एकाच ठाण्याच्या निरोपाच्या तीन प्रती नेटवर्कात सुटल्या: क्रमांक ४४, ४० आणि ८. द्विमानात लिहून बघा: १०११००, १०१०००, ००१०००. दर वेळी एकच बिट गळलेला. आता नियम लावा. ४० पेक्षा ४४ नवा. ८ पेक्षा ४०, कारण फरक बरोबर ३२. आणि ४४ पेक्षा ८ नवा, कारण फरक ३६! तिघंही एकमेकांहून नवे. प्रत्येक इम्प आलेला निरोप 'नवा' म्हणून घेई आणि पुढे पाठवी, की लगेच त्याहून नवा हजर. यंत्रांना दुसरं काम करायला उसंतच उरली नाही. एखादं ठाणं बंद करून चालू करावं, तर शेजारी त्याला लगेच तेच तीन निरोप देत. शेवटी त्या ठाण्याचे निरोप दुर्लक्षित करायला सगळ्या इम्पना शिकवावं लागलं.

इथे कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. निरोप तारेवरून जाताना तपासला जाई, मेमरीत पडून असताना नाही. एवढ्या फटीतून हे शिरलं.

यावर नीट विचार केला अमेरिकन संगणकतज्ज्ञ राडिया पर्लमन यांनी. नकाशा करून चालणाऱ्या आयएस-आयएसमागचं बरंचसं काम त्यांचं आहे, आणि तशाच ओएसपीएफनंही त्या विचारांतून घेतलं. क्रमांक गोल फिरवायचा नाही, सरळ वाढवायचा, आणि इतका लांब ठेवायचा की संपायची वेळ येऊ नये: ओएसपीएफमध्ये ३२ बिट. प्रत्येक निरोपाला वय द्यायचं. ३६०० सेकंद झाले की तो बाद. म्हणजे भलतं काही शिरलं तरी कधीतरी आपोआप निघून जाईल. मालकानं जिवंत असल्याची खूण म्हणून दर १८०० सेकंदांनी निरोप नव्यानं पाठवायचा. आणि निरोप बिघडला का हे कळायला त्याच्यासोबत ठेवलेली बेरीज तपासायची ती मेमरीत असतानाही. भाचीच्या नोट्समध्ये हे चारही मुद्दे होते, एकाखाली एक, संबंध नसल्यासारखे. ४४, ४०, ८ वहीत मांडून झाल्यावर तिनं स्वतःच त्यांच्यापुढे '१९८०' असं लिहिलं. ओएसपीएफची पहिली आवृत्ती १९८९ची, आज शिकवतात ती जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८मध्ये लिहिलेली.

एका घरातल्या कारभाराला एवढं पुरतं. वेगवेगळ्या मालकांची नेटवर्कं जोडायची म्हटल्यावर मात्र नकाशाची कल्पनाच गळून पडते, कारण कुणीही परक्याला आपल्या घराचा नकाशा देत नाही. त्यासाठी आधी ईजीपी हा प्रोटोकॉल होता, पण तो मध्ये एकच मोठं नेटवर्क आणि बाकीचे त्याच्या फांद्या असं धरून चाले. १९८०च्या दशकाच्या शेवटी मोठी नेटवर्कं अनेक झाली. जानेवारी १९८९मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला बैठक होती. तिथे जेवणाच्या टेबलावर कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी पेपर नॅपकिनवर नवा आराखडा काढला. जूनमध्ये तो बीजीपी या नावानं छापला गेला.

त्यातली युक्ती सुंदर आहे. अंतराचा आकडा सांगण्याऐवजी वाट ज्या-ज्या नेटवर्कांतून जाते त्यांच्या क्रमांकांची यादीच सांगायची. यादीत स्वतःचा क्रमांक दिसला की ती वाट टाकून द्यायची. वहीतल्या अ-ब-कचा घोळ सोळाच्या बांधाशिवाय मिटला. आणि जवळची वाट तीच चांगली, हा आग्रहही सुटला: कुणाशी करार आहे, कुणाला पैसे द्यावे लागतात, त्यावर वाट ठरू लागली.

आपल्याकडे हे सगळं जरा उशिरा पोचलं. १९८६मध्ये अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचं नेटवर्क सुरू झालं ते आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईच्या जुहूमधली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संस्था अशा मोजक्या संस्थांपुरतं. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. तरी दोन भारतीय कंपन्यांमधली पॅकेटंसुद्धा परदेशी जाऊन परत येत, कारण दोघींचा करार परदेशातल्या कुणाशी, आपसात काही नाही. ते थांबवायला २००३मध्ये निक्सी, म्हणजे भारतीय कंपन्यांनी आपसांत पॅकेटं देण्या-घेण्याची जागा, आलं. नकाशावर जवळ असणं आणि बीजीपीत जवळ असणं यांत केवढं अंतर असतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही.

पण नॅपकिनवर एक गोष्ट राहिली होती. 'हे पत्ते माझ्याकडे आहेत' असं शेजाऱ्यानं सांगितलं, तर ते खरं कशावरून? एका कंपनीत काम करताना मी स्वतः एक चुकीची वाट बाहेर जाहीर केली होती. पलीकडच्या सेवादात्यानं काहीही न तपासता ती घेतली आणि पाऊण तास आमच्या शाखा आंधळ्या झाल्या. त्या दुपारी कळलं की ही यंत्रणा किती भाबडी आहे.

२४ फेब्रुवारी २००८ला हेच जगभर घडलं. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ हा १०२४ पत्त्यांचा पट्टा जाहीर करत होतं (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका पट्टा लहान). पाकिस्तान टेलिकॉमला ती साइट आपल्या देशापुरती बंद करायची होती, म्हणून त्यांनी आतल्या २५६ पत्त्यांची, २०८.६५.१५३.०/२४ ही वाट तयार केली. ती बाहेर निसटली. वरच्या सेवादात्यानं ती मानली आणि जगाला सांगितली. जास्त नेमका, म्हणजे लहान पट्ट्याचा पत्ता जिंकतो हा नियम. तो १९९०च्या दशकात पत्ते संपू नयेत आणि तक्ते फुगू नयेत म्हणून सीआयडीआर या पत्ते वाटण्याच्या पद्धतीबरोबर मुरला होता. दोनेक तास यूट्यूबची वाट पाकिस्तानकडे वळलेली राहिली. यूट्यूबनं आधी स्वतः तोच /२४ जाहीर केला, मग त्याहून बारीक दोन /२५. आणखी नेमकं बोलून त्यांनी आपलेच पत्ते परत मिळवले.

त्यानंतर आरपीकेआयला जोर आला. पत्त्यांच्या मालकानं सही करून सांगायचं की माझे पत्ते अमुक नेटवर्कच जाहीर करील. बाकीच्यांनी ती सही ताडून बघायची. त्यानं वाटेचा उगम तपासता येतो. मधली यादी खरी की रचलेली, हे त्यानं कळत नाही. भाचीच्या पाचव्या युनिटात शेवटची ओळ 'राऊटिंगची सुरक्षा' अशी आहे आणि तिला दोन तास दिले आहेत. असाइनमेंटला विषय निवडायचा होता. तिनं २००८ घेतला, आणि आता ती पहिल्या पानावर /२२ आणि /२४ चे पट्टे फूटपट्टीनं आखत बसली आहे.