१५ ऑगस्ट, १ मार्च आणि कोल्हापूरचं अवघडलेपण

ऑगस्ट आला की आमच्याकडं जिलेबीचे स्टॉल लागतात आणि त्यांच्याबरोबरच वादही सुरू होतात. १४ च्या संध्याकाळपासून चौकाचौकात मंडप, मोठ्या कढया, फडक्यातून सरसर गोल फिरवत पीठ सोडणारे कारागीर, पाकातनं काढलेल्या जिलेब्यांची ताटं, आणि सकाळी झेंडावंदन करून येणारा प्रत्येक जण अर्धा किलो तरी घेऊन घरी जातो. हे इथल्या १५ ऑगस्टचं आणि २६ जानेवारीचं रूप, आणि मला ते मनापासून आवडतं. पण त्याच सकाळी तालमीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, नेमकं काय साजरं करतोय आपण, मग दुसरा त्याला देशद्रोही म्हणतो, तिसरा त्या दुसऱ्याला भक्त म्हणतो आणि दुपारपर्यंत दोन-तीन जण ग्रुप सोडून गेलेले असतात.

हे सगळं टीव्हीवरच्या चर्चांनी आणलं असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. टीव्हीनं भाषा बिघडवली हे खरं, पण मूळ अवघडलेपण इथलंच आहे, आणि ते देशावर प्रेम कमी म्हणून आलेलं नाही. त्याची मुळं कुठं आहेत, आणि कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या १ मार्चशी त्याचा काय संबंध, ते सांगायचा हा प्रयत्न.

लांबचं थोडक्यात सांगतो. १८५७ मध्ये ३१ जुलैला इथल्या २७ व्या पलटणीत बंड झालं, ते मोडलं गेलं, गादीवरच्या राजाच्या धाकट्या भावाला इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं आणि ते तिथंच वारले. म्हणजे एकाच वाड्यात एक जण इंग्रजांना चालणारा आणि एक न चालणारा. पुढं शाहू महाराजांच्या काळात वेदोक्ताचं प्रकरण झालं, म्हणजे महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी नकार दिला, २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला, आणि तेव्हा स्वराज्य मागणाऱ्यांपैकी कितीतरी मंडळी या दोन्ही बाबतींत महाराजांच्या विरोधात उभी होती. त्यामुळं इंग्रज गेल्यावर राज्य नक्की कुणाचं येणार हा प्रश्न इथल्या बहुजन घरांत देशभक्तीच्या आधी आला. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत अस्पृश्य समाजानं आपला पुढारी आपणच निवडायचा ही भूमिका उघडपणे मांडली गेली, तीही याच मातीत.

मग बेचाळीस. आत्ता जिथं शिवाजी चौक आहे तिथं एका इंग्रज गव्हर्नराचा, विल्सनचा पुतळा होता. चळवळीतल्या लोकांनी आधी तो विद्रूप केला, पुढं फोडलाच, आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. ही गोष्ट कोल्हापुरात सगळे अभिमानानं सांगतात, सांगायलाच पाहिजे. पण एक भाग सांगताना राहून जातो, की इथं चळवळ्याला धरायला येणारा शिपाई गोरा नव्हता, संस्थानचा होता. १९३९ पासून प्रजेची जी चळवळ उभी राहिली तिची मागणी होती शेतसारा कमी करा आणि जबाबदार राज्यपद्धती द्या, आणि ही मागणी दरबाराकडं होती. ज्या गादीला मुजरा करायचा तिच्याच विरोधात मोर्चा काढायचा, ही ओढाताण इथल्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता खरा गुंता. १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर संस्थानच होतं. भारतात येण्याच्या करारावर, म्हणजे सामीलनाम्यावर सही झालेली, पण सामीलनाम्यात विषय तीनच, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण. बाकी शेतसारा, पोलीस, कोर्ट, शाळा सगळं दरबाराकडं. देवासहून दत्तक आलेले महाराज त्याच वर्षी गादीवर बसलेले. म्हणजे दिल्लीत मध्यरात्री देश स्वतंत्र झाला आणि सकाळी उठून पन्हाळ्याकडचा शेतकरी सारा भरायला दरबाराच्याच कचेरीत जाणार होता. त्याला आनंद झाला नसेल असं कोण म्हणेल, पण त्याच्या दारात काय बदललं हे विचारायचा हक्क त्याला होता.

त्यानंतर गांधीजींचा खून झाला आणि शहरात, गावागावांत ब्राह्मणांची घरं-दुकानं पेटवली गेली, सिनेमाचा एक नावाजलेला स्टुडिओही जळाला. स्वातंत्र्याला सहा महिनेही झाले नव्हते. ज्यांची घरं जळाली त्यांच्या पुढच्या पिढ्यांना झेंड्याखाली उभं राहताना काय वाटत असेल, हे बाकीच्यांनी कधी धड विचारलं नाही, आणि ही आपली मोठी उणीव आहे असं मी मानतो. या दंगलींनंतर चौकशी बसली, दिल्लीनं इथं प्रशासक पाठवला. मार्च १९४८ मध्ये सांगली, मिरज वगैरे दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात गेली, कोल्हापूर मात्र मोठं संस्थान म्हणून आणखी वर्षभर वेगळं राहिलं आणि १ मार्च १९४९ ला विलीन झालं.

हे विलीनीकरण बरोबर झालं का, यावर अजून लोक हमरीतुमरीवर येतात. प्रजेच्या चळवळीतच यावरून दोन तट होते. एका बाजूचं म्हणणं, राजाची प्रजा जाऊन आपण नागरिक झालो ते १ मार्चला, त्याच दिवशी आपलं स्वातंत्र्य पुरं झालं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आपलं स्वतःचं कोल्हापूर मुंबईच्या कारभारात एक जिल्हा होऊन बसलं, शाहूंच्या काळापासून चालत आलेली आपली घडी गेली, आणि हे ठरवताना जनतेचं सार्वमत काही घेतलं नाही. मी पहिल्या बाजूचा आहे. राजा कितीही चांगला असला तरी राज्य लोकांचंच हवं. पण सार्वमताचा मुद्दा मला खोडून काढता येत नाही, आणि तो उगाच काढलेला मुद्दाही नाही.

कारण तोटा खराच झाला. संस्थानचं स्वतःचं हायकोर्ट होतं, ते विलीनीकरणात गेलं आणि मग साध्या अपिलासाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, वकिलाची फी, लॉजचं भाडं, तारीख पडली की परत तेच. कोकणापासून सोलापूरपर्यंतच्या पक्षकारांची हीच कथा. मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून वकिलांची आंदोलनं किती वर्षं चालली, साखळी उपोषणं झाली, मोर्चे झाले. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. तेव्हा जो जल्लोष झाला तो पंधरा ऑगस्टच्या जल्लोषापेक्षा काही कमी नव्हता, आणि त्यात कुणाला कुणाच्या देशभक्तीचा दाखला मागावा लागला नाही.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला सरकारी ध्वजारोहण होतं, गोव्यात १९ डिसेंबरला सुट्टी असते. कोल्हापुरात १ मार्चला तसं काही होत नाही, शाळेत त्या दिवसाचा साधा उल्लेखही होत नाही. पोरांना वाटतं १५ ऑगस्टला सगळ्या देशात एकदमच सगळं झालं. हे बदलायला हवं, निदान त्या दिवशी एक तास वर्गात हे शिकवायला हवं.

स्वातंत्र्य कुणाचं हा सवाल तेव्हा बाहेरही होताच. १६ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत 'ये आझादी झूठी है, देश की जनता भूखी है' म्हणत मोर्चा निघाला, आणि त्याच्या पुढं होता तो आमच्या शेजारच्या वाटेगावचा शाहीर, अण्णाभाऊ साठे. आज त्याच शाहिराचा फोटो सरकारी कार्यक्रमात असतो.

मधली वर्षं सोडतो, कारण आत्ताची भांडणं गेल्या वीसेक वर्षांतली आहेत. २००३ पासून महाराष्ट्रात थिएटरमध्ये राष्ट्रगीत लागायला लागलं, तेव्हा उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभर सक्ती केली आणि मग कोण उठला, कोण बसून राहिला हे लोक अंधारात मोजायला लागले. जानेवारी २०१८ मध्ये कोर्टानंच ती सक्ती काढली, पण मोजायची सवय राहिली. दरम्यान १ मे २०१७ ला पोलीस उद्यानात ३०३ फूट उंचीचा झेंडा उभा राहिला. बघायला गर्दी झाली, बघताना ऊर भरून येतो हेही खरं, आणि तेवढ्या पैशात अजून काय झालं असतं असं विचारणारेही आपलेच होते.

२०१९ चा ऑगस्ट तर विसरणं शक्य नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात. स्वातंत्र्यदिन आणि रक्षाबंधन एकाच दिवशी आले तेव्हा लोक घरातला चिखल काढत होते. साजरं करायचं का, हा प्रश्न त्या वर्षी कुणी वाद घालायला विचारला नव्हता. काहींनी झेंडावंदन साधेपणानं केलं आणि लगेच गाड्यांत धान्य, चादरी भरायला लागले, काहींना मात्र झेंड्यापर्यंत जायचंही त्राण नव्हतं, आणि दोघांना कुणी काही बोललं नाही. असं दरवर्षी का जमत नाही हे मला खरोखर कळत नाही.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि मशीनवर केलेला, पॉलिस्टरचा झेंडाही चालेल असं ठरलं. जुलै २०२२ मध्ये घरावर रात्रीही झेंडा ठेवायला परवानगी मिळाली आणि १३ ते १५ ऑगस्टला हर घर तिरंगा आला. पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळत होता. इचलकरंजीसारखं मागांचं गाव जिल्ह्यात आहे, त्यामुळं कापडातलं इथं लोकांना कळतं, आणि हुबळीच्या बेंगेरीत खादीचे झेंडे शिवणाऱ्या बायकांच्या कामाचं काय होणार ही काळजी इथपर्यंत आली. घरावर झेंडा लावायला मिळतोय याचा आनंद झालेली माणसं मी पाहिली, म्हातारी माणसं स्वतः जिन्यावर चढून लावत होती. पण मोहिमेच्या साईटवर सेल्फी टाकला का, स्टेटस ठेवलं का, ही विचारणा शाळा-ऑफिसातून सुरू झाली आणि ज्यानं झेंडा लावूनही फोटो टाकला नाही त्यालाही कारण द्यावं लागलं. आता दर ऑगस्टला ग्रुपवर पहिलं भांडण होतं ते या फोटोंवरूनच.