पिल्लाच्या बरगडीवरची गाठ कॅल्शियममुळे येत नाही

'कॅल्शियम जास्त झालं म्हणून कुत्र्याच्या पिल्लाच्या बरगडीवर हाड आलं', असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण मल्टिपल कार्टिलेजिनस एक्झोस्टोसिस, म्हणजे हाडांवर जागोजागी हाडाच्याच गाठी येण्याच्या विकारात, कॅल्शियमच्या त्या बिचाऱ्या गोळ्यांचा काही दोष नसतो. हाडाच्या टोकाशी वाढ होते तिथल्या कूर्चेच्या (मऊ, लवचीक हाडाच्या) पेशी भलतीकडे सरकतात आणि तिथेच हाड घडवत बसतात. हात फिरवला की टणक, न हलणारा, बहुधा न दुखणारा उंचवटा लागतो. बरगड्यांवर, मणक्यांवर, पायांच्या लांब हाडांवर. विकार आनुवंशिक मानला जातो, म्हणून अशा कुत्र्याची पैदास टाळावी. सांगाड्याची वाढ संपली की गाठही सहसा थांबते. मग उगाच कापाकापी कशाला? मात्र मणक्यावरची गाठ मज्जारज्जूवर दाब देऊ शकते. मागचे पाय लटपटू लागले, किंवा थांबलेली गाठ मोठेपणी पुन्हा वाढू लागली, तर लगेच पशुवैद्य गाठा. गाठ अशी पुन्हा वाढत असेल तर कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते.