खांब शहराचा, खुर्च्या कंपन्यांच्या

२५ जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराचे महापौर सॅम लिकार्डो यांनी एका सरकारी समितीतून अंग काढून घेतले. समिती ब्रॉडबँडची, नेमणूक वॉशिंग्टनची, मानधन शून्य. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी लिहिले की काही सदस्यांचा हेतू चांगला असला, तरी समितीत उद्योगाची माणसे इतकी भरली आहेत की जनतेपेक्षा दूरसंचार कंपन्यांचे हित पुढे रेटण्याचे साधन एवढेच तिचे रूप उरेल. सॅन होजे म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतले सर्वांत मोठे शहर. तिथल्या महापौराने इंटरनेटच्या समितीवर रुसावे, याची बातमी होणारच होती. पण भांडण इंटरनेटचे नव्हते. ते रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचे होते.

५-जीसाठी मोठ्या टॉवरवर भागत नाही. थोड्या थोड्या अंतरावर लहान अँटेना लावाव्या लागतात, त्यांना स्मॉल सेल म्हणतात. त्यांच्यासाठी सोयीची जागा एकच, ती म्हणजे दिव्याचा किंवा सिग्नलचा खांब. पुष्कळ ठिकाणी हा खांब शहराच्या मालकीचा असतो. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने सार्वजनिक रस्त्यांची व्यवस्था पाहण्याचा आणि त्यांच्या वापराचा रास्त मोबदला घेण्याचा स्थानिक संस्थांचा हक्क राखून ठेवला होता. ‘रास्त’ म्हणजे किती, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. काही शहरांनी भाडे चढे लावले, काहींनी परवानग्यांचे अर्ज महिनोन्‌महिने पडू दिले. कंपन्यांची ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. शहरांचे म्हणणे असे की खांब आमचा, मग त्याच्या भाड्यातून गरीब वस्तीत इंटरनेट पोचवायचे की नाही, ते आम्ही ठरवू.

जानेवारी २०१७ मध्ये अजित पै फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे, म्हणजे दूरसंचारावर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे (एफसीसीचे), अध्यक्ष झाले. (आडनाव वाचून गोवा-कारवारकडच्या वाचकांचे कान टवकारले असतील. कुटुंब कोकणी बोलणारे, आईवडील भारतातून गेलेले, स्वतः ते कॅन्ससमध्ये वाढलेले.) खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांनी ब्रॉडबँडचे जाळे पसरण्यातले अडथळे शोधणारी सल्लागार समिती जाहीर केली. लिकार्डोंनी पुढे सोडली ती हीच. एप्रिलमध्ये नावे आली. सुमारे तीस जणांच्या त्या यादीत एटी अँड टी होती, कॉमकास्ट होती, टॉवरवाली क्राउन कॅसल होती, गूगल होती. शहरांच्या बाजूने बसलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. अध्यक्षपद मिळाले एलिझाबेथ पियर्स यांना. अलास्कात समुद्राखालून केबल टाकणाऱ्या क्विंटिलियन कंपनीच्या त्या प्रमुख. काही महिन्यांतच त्या समितीतून बाहेर पडल्या. एप्रिल २०१८ मध्ये त्यांना अटक झाली, करारांवर खोट्या सह्या दाखवून गुंतवणूकदारांकडून २५ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी केल्याबद्दल, आणि २०१९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. त्या गुन्ह्याचा समितीच्या कामाशी संबंध नव्हता, पण नावे निवडणाऱ्यांची त्यात शोभा झालीच.

अशी यादी चालते कशी? अमेरिकेत सल्लागार समित्यांसाठी स्वतंत्र कायदाच आहे, १९७२ चा. त्याआधी प्रत्येक खात्याभोवती समित्यांचे रान माजले होते आणि ज्या उद्योगावर नियंत्रण ठेवायचे, त्याच उद्योगाची माणसे बंद दाराआड सल्ला देत. नव्या कायद्याने बैठका खुल्या केल्या आणि सांगितले की समितीचे सदस्यत्व मतांच्या दृष्टीने आणि नेमून दिलेल्या कामाच्या दृष्टीने ‘न्याय्य रीतीने समतोल’ असावे. नेमणारा अधिकारी किंवा एखादा हितसंबंधी गट यांचा तिच्यावर गैरवाजवी प्रभाव पडू नये, हेही त्यातच आहे.

वाचायला हे फार छान आहे. मोजायला गेले की हाती काही लागत नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात सरकारी उधळपट्टी शोधायला बड्या कंपन्यांच्या प्रमुखांची समिती नेमली गेली. भुकेच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटना कोर्टात गेल्या, की अन्नयोजनांना कात्री लावायची शिफारस हीच मंडळी करणार आणि त्या योजनांवर जगणाऱ्यांच्या बाजूचे तिथे कोणी नाही. १९८३ मध्ये अपील कोर्टाचा कौल समितीच्या बाजूने गेला: खासगी क्षेत्राचे व्यवस्थापनकौशल्य वापरणे हेच तिचे काम, म्हणून खासगी क्षेत्राची माणसे. पुढे १९८९ मध्ये अन्नातल्या जंतूंचे निकष ठरवणाऱ्या समितीत ग्राहकांचा प्रतिनिधी नाही, म्हणून खटला झाला. तीन न्यायाधीश, तीन मते. एक म्हणाले, समतोल पुरेसा आहे. दुसरे म्हणाले, समतोल मोजणे हे कोर्टाचे कामच नव्हे. तिसऱ्यांच्या मते कायदा सरळ मोडला होता. खटला अर्थातच फेटाळला गेला. ‘कामाच्या दृष्टीने’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे, असे मला वाटते. समितीचे काम ‘अडथळे दूर करणे’ असे लिहिले की ज्याला अडथळा होतो, तो तज्ज्ञ ठरतो. आणि शहर? ते अडथळ्याच्या रकान्यात जाते.

शहरांचे म्हणणे ऐकायला एफसीसीकडे १९९७ पासून वेगळी समिती होती, हे खरे. पण ती वेगळी पंगत. इथे प्रश्न त्याच पंगतीत बसण्याचा होता. त्यातही खरा मजकूर मुख्य समितीत लिहिला जातच नाही, तो उपगटांत तयार होतो. कायद्याचा खुल्या बैठकांचा नियम मुख्य समितीला लागू, उपगटांना नाही. राज्यांनी स्वीकारावा अशा आदर्श कायद्याचा मसुदा असाच एका उपगटातून आला. शहरांचा आपल्याच खांबांवरचा ताबा त्याने जवळजवळ संपत होता आणि बदल्यात वंचित वस्त्यांना सेवा देण्याचे बंधन कंपन्यांवर येत नव्हते. लिकार्डोंच्या राजीनाम्यामागे हे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क शहराचे तंत्रज्ञान अधिकारी मिगेल गामिन्यो यांनीही उपगट सोडला.

समिती उरल्यासुरल्या सदस्यांसह चालू राहिली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये एफसीसीने आदेशच काढला. एका स्मॉल सेलचे वर्षाला २७० डॉलर भाडे वाजवी धरले जाईल, त्याहून जास्त हवे तर शहराने खर्च सिद्ध करावा. असलेल्या खांबावरच्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत, नवा खांब असेल तर ९०. यातून कंपन्यांचे दोन अब्ज डॉलर वाचतील, असा एफसीसीचाच अंदाज होता. पोर्टलंडसह अनेक शहरे कोर्टात गेली. ऑगस्ट २०२० मध्ये अपील कोर्टाने भाड्याची मर्यादा कायम ठेवली. अँटेना दिसायला कशी असावी, याबद्दलच्या तरतुदींपैकी काही तेवढ्या रद्द झाल्या.

सॅन होजेने तोवर कंपन्यांशी स्वतःच बोलणी उरकली होती. त्या करारांतून डिजिटल समावेशनासाठी, म्हणजे इंटरनेटपासून वंचित लोकांपर्यंत ते पोचवण्यासाठी, दहा वर्षांत २.४ कोटी डॉलरचा निधी उभा करायचे ठरले. समितीत बसून जे मिळाले नाही, ते खांबाची मालकी हातात ठेवून मिळवले.

आपल्याकडे फोनची सल्लागार समिती म्हटले की जुन्या पिढीला टेलिफोन सल्लागार समिती आठवते. खासदारांच्या शिफारशीवरून नेमणूक, सदस्याच्या घरी फोनची सवलत आणि लेटरहेडवर एक पद. तिथे कंपन्यांची गर्दी नव्हती, कारण फोन देणारे सरकारी खाते एकच होते. गर्दी कार्यकर्त्यांची होती. खांबाचा प्रश्न मात्र आता इथेही आला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने मार्गाधिकाराचे, म्हणजे दूरसंचाराच्या तारा आणि खांब उभारायला जागा वापरू देण्याचे, नियम बदलले आणि रस्त्यावरच्या खांबावर स्मॉल सेल बसवण्याचा दर ठरवून टाकला: शहरी भागात वर्षाला ३०० रुपये, ग्रामीण भागात १५०. खांब महापालिकेचा, दर दिल्लीचा.

लिकार्डो जानेवारी २०२५ पासून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आहेत. पै एप्रिल २०२५ मध्ये सीटीआयएचे प्रमुख झाले. सीटीआयए ही अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांची संघटना आहे.