कोरलेला शिंपला आणि ओवलेली कवडी

सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या ओळखीच्या एक ताई शिंपल्याचे दागिने करून देतात. तयार माल ठेवत नाहीत, गिऱ्हाईक सांगेल तसं करतात. कुणाला लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर हवं असतं, कुणाला पदरावरचा मोर, कुणाला नुसतं जाईचं फूल. सीप, म्हणजे शिंपल्याचं कवच, कापून, कोरून, चांदीत बसवून चार-पाच दिवसांत डबी हातात येते. डबीवर ओळ छापलेली असते, ‘आपली पारंपरिक हस्तकला’. मी एकदा विचारलं, “ताई, परंपरा कुणाची? सांगलीला समुद्र कुठला?” त्या हसल्या. “छापणाऱ्यानंच घातलं ते. छान दिसतं म्हणून राहू दिलं.”

त्या एका ओळीमुळे हे टिपण झालं. ओळ अगदी खोटी नाही, पण खरीही नाही.

शंख कापून दागिना करण्याची कला आपल्या देशात साडेचार हजार वर्षांची तरी आहे. सौराष्ट्रात द्वारकेजवळ नागेश्वर इथं हडप्पाकालीन शंखकामाची वस्तीच सापडली. आसपासच्या आखातातले शंख तिथं यायचे, त्यांच्या बांगड्या, पळ्या आणि जडवकामाचे तुकडे व्हायचे. बांगड्यांसाठीचा शंख आज पूजेत असतो त्याच जातीचा. शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. भिंत जाड, रंग पांढराशुभ्र, आणि आत मध्यभागी पिळदार दांडा. बांगडी करायची तर आधी शंखाचं टोक उडवायचं, आतले पडदे ठोकून काढायचे आणि मग काशाच्या करवतीनं आडवी चकती कापायची. कापताना जरा हात चुकला की चकतीला तडा, आणि तोवरची सगळी मेहनत पाण्यात.

या बांगड्यांची एक खूण मला फार आवडते. शंख हा वळणांचा असल्यामुळे त्यातून कापलेलं कडं अगदी निर्दोष गोल येत नाही. एक वळण दुसऱ्याला जिथं मिळतं, तिथं एक सांधा राहतो. हडप्पाचे कारागीर नेमक्या त्या जागी कानशीनं व्हीच्या आकाराची खाच कोरायचे. सांधा झाकलाही जायचा आणि तीच नक्षी व्हायची. मालातल्या खोडीलाच दागिना करायची ही युक्ती. विश्रामबागेतल्या ताई शिंपल्यावरच्या किड्यानं पाडलेल्या भोकाभोवती फुलाच्या पाकळ्या काढतात, ती याच जातीची. त्यांनी हडप्पाचं नावही या संदर्भात कधी ऐकलेलं नाही.

दख्खनमध्येही शंखाच्या बांगड्या होत्या. नेवाशाच्या उत्खननात त्या मिळाल्या, मराठवाड्यात तेर आणि भोकरदनलाही मिळाल्या. सातवाहनांच्या काळात व्यापार जोरात होता, त्यामुळे किनाऱ्यावरची वस्तू घाट चढून येणं नवलाचं नव्हतं. आपलं कऱ्हाड तेव्हाही नावाजलेलं होतं. मध्य प्रदेशात भारहूतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत करहाकट नगराचं नाव आहे, आणि कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात लेणी आहेतच. तिथून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण आणि पुढं खाडी. पुढच्या काळात मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवर याच घाटांनी वर यायची. म्हणजे समुद्र लांब असला तरी सातारा-सांगलीला परका नव्हता.

मग शंखाची बांगडी इथून गेली कुठं? उत्तर कासाराच्या दुकानात आहे. काचेची बांगडी स्वस्त, रंगीत आणि हवी तेवढी मिळणारी. मध्ययुगात दख्खनमध्ये काचेनं मनगट व्यापलं ते कायमचं. सवाष्णीची खूण म्हणजे हिरवा चुडा, हे आपल्याकडं इतकं पक्कं झालं की शंखाला मनगटावर जागाच उरली नाही. बंगालमध्ये उलट झालं. तिथं लग्न झालेल्या बाईच्या हातात आजही पांढरा शाँखा असतो, आणि तो घडवणारी शांखारी ही वेगळी जात आहे. विष्णुपूरचे शांखारी, ढाक्याचा शांखारी बाजार ही नावं आजही टिकून आहेत. गंमत म्हणजे त्यांचा शंख मुख्यतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, मन्नारच्या आखातातून जायचा. मद्रास इलाख्यात शंख काढण्याचा मक्ताच सरकारचा होता. दक्षिणेचा शंख, पूर्वेचा कारागीर, आणि त्याचं मोठं चंद्रकोरीसारखं करवत, जे दोन्ही हातांनी धरून पायांत दाबलेल्या शंखावर चालवायचं. बंगाल-बिहारात पालांच्या राजवटीत, ११व्या-१२व्या शतकात, शंखांवर विष्णूच्या मूर्ती कोरल्या जात होत्या. असे शंख आज परदेशातल्या संग्रहालयांत आहेत. कोरीवकामाची परंपरा म्हणायची तर ती तिकडची.

आपल्याकडं शिंपला कोरला गेला नाही, ओवला गेला.

सांगली-साताऱ्यात लहानपण गेलेल्या कुणालाही कवडी पहिल्यांदा कुठं पाहिली विचारा. तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यात, पोत घेऊन आलेल्या भुत्याच्या अंगावर, गोंधळ्याच्या माळेत, नाहीतर जतच्या यल्लम्माच्या यात्रेत जोगत्याच्या गळ्यात. आणि तितक्याच वेळा बैलाच्या गळ्यात. बेंदराला खिलाऱ्या बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगूरमाळ आणि कवड्या शिवलेला पट्टा. खरसुंडीच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराला जा, दोऱ्या-म्होरक्यांच्या दुकानात हे पट्टे लटकलेले दिसतात. देवाची माळ आणि बैलाचा पट्टा, दोन्हीला कवडी तीच. यात कुणाला अवघडल्यासारखं वाटत नाही, आणि वाटूही नये.

कवडी जवळून पाहण्यासारखी असते. माळेतल्या कवडीची पाठ बऱ्याचदा घासून काढलेली असते. फुगीर पाठ असेल तर ती कापडावर नीट बसत नाही, लोळते. दगडावर पाणी टाकून घासलं की पाठ उघडी पडते, आतून दोरा फिरवता येतो आणि कवडी तोंड पुढं करून चपटी बसते. सारीपाटाच्या कवड्यांची पाठ मात्र अखंड हवी, नाहीतर दान नीट पडत नाही. म्हणजे कवडीवर आपण हत्यार चालवलं, पण नक्षीसाठी नाही. ती बसावी म्हणून.

कवडी नाणंही होती. मालदीवच्या बेटांवरून ती जहाजं भरभरून यायची आणि बंगाल-ओरिसात तर इंग्रजी अमदानी आल्यावरही काही काळ बाजारात चालायची. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, तिच्या सुरुवातीलाच कोष्टक आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. हिशेब केला तर एका द्रम्माला १,२८० कवड्या. नाणं म्हणून ती कधीच गेली, भाषेत मात्र राहिली. कांदा कवडीमोल जातो, चिक्कू माणूस कवडीचुंबक असतो, आणि भांडण पेटलं की “फुटकी कवडी देणार नाही.”

मला वाटतं, गोम या फुटक्या कवडीतच आहे. ज्या समाजात कवडी फुटली की तिची किंमत शून्य, भंगलेला शंख देव्हाऱ्यातून काढून नदीत सोडायचा, तिथं कोण शंख कापायला बसणार? कोरायचं म्हणजे आधी मोडायचं. बंगालच्या शांखाऱ्याला मोडताना काही वाटलं नाही, कारण त्याच्यासाठी अखंडपणा बांगडीत होता. आपल्यासाठी तो शंखात होता. ही माझी समजूत आहे, पण ताईंच्या गिऱ्हाइकांमधल्या म्हाताऱ्या बायका शंखाचा तुकडा गळ्यात घालायला अजून बिचकतात आणि सीप मात्र खुशाल घालतात, हे मी त्यांच्याच ओट्यावर बसून पाहिलंय.

ताई जे करतात त्याचं खरं मूळ आणखी लांब आहे. इटलीत नेपल्सजवळ, व्हेसूव्हियसच्या पायथ्याशी तोरे देल ग्रेको नावाचं गाव आहे. तिथं १९व्या शतकात शिंपल्याचे कॅमिओ, म्हणजे उठावाची चित्रं, कोरण्याचा धंदा फुलला, १८७८ मध्ये पोवळं आणि कोरीवकाम शिकवणारी शाळाही निघाली. त्यासाठी लागणाऱ्या शंखाच्या भिंतीत रंगांचे थर असतात. वर पांढरा, खाली तपकिरी किंवा केशरी. पांढऱ्या थरात चेहरा कोरायचा आणि भोवतीचा पांढरा काढून टाकायचा, की गडद पार्श्वभूमीवर चेहरा उठून येतो. रंग कुठं लावायचा नाही, नुसता थर खरवडायचा. इटालियन कारागीर तुकडा राळेनं लाकडी काठीच्या टोकाला चिकटवतो आणि काठी मुठीत धरून कोरतो. आपला सोनार नाजूक नग लाखेत रुतवून धरतो, तसंच.

ताई हे मोबाईलवर बघून शिकल्या, हे त्या लपवत नाहीत. पण हात सांगलीत तयार झाला. त्यांच्या आजोळी मिरजेत सतारीचं काम. मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, १९व्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीच्या कडेला जी पांढरी पट्टी असते, तिच्यावर टोकदार हत्यारानं वेलबुट्टी कोरतात आणि रेघांत काळा किंवा लाल रंग भरून वरचा पुसून घेतात. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत, सांबरशिंग वापरायचे. वन्यजीवांचे कायदे आल्यावर सेल्युलॉइड आणि प्लॅस्टिक आलं. सीपेवर अक्षर कोरून त्यात काळं भरण्याची ताईंची रीत सरळ तिथून आली आहे. परंपरा म्हणायचीच तर ही म्हणा. डबीवर ‘मिरजेचा हात’ छापलं असतं तर मी वाद घातला नसता.

दुसरा धागा विट्याचा. खानापूर-आटपाडी भागातली गलाई करणारी माणसं, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, देशभर पसरली आहेत. तमिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर माणदेशी मराठी कानावर पडते. ताईंना शंखाच्या चकत्या कोलकात्याहून येतात, त्या अशाच एका गलाईवाल्या नातेवाइकाच्या ओळखीनं. दुष्काळानं माणसं बाहेर काढली, त्यांच्या वाटेनं शंख परत आला.

शिंपल्याचा स्वभाव सोनाराच्या सवयींशी जुळत नाही, हे मात्र सांगायला हवं. माझ्या भावजयीनं ताईंकडून मोराचं पेंडंट करून घेतलं होतं. वर्षभरात चांदी काळी पडली म्हणून तिनं ते गल्लीतल्या एका दुकानात उजळायला दिलं. तिथल्या पोरानं रोजच्या सवयीनं ते ॲसिडच्या पाण्यात टाकलं. क्षणात फेस आला. बाहेर काढलं तेव्हा चांदी लखलखीत होती आणि मोर पांढराफटक, खरबरीत, पिसारा पुसलेला. दोष त्या पोराचा कमी आणि न सांगणाऱ्या आमचा जास्त. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच भाऊबंद. कोकणात शिंपले भाजूनच चुना करतात. आंबट कशाशीही गाठ पडली की तो विरघळू लागतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर, सगळं वर्ज्य. झाळकामाची आचही सोसत नाही, म्हणून चांदीचं घर आधी पूर्ण करायचं, झाळून, घासून, धुऊन, आणि शिंपला सगळ्यात शेवटी बसवायचा. कापताना तुकडा पाण्यात ठेवायचा. कोरडा कापला तर केस जळल्यासारखा वास येतो, कारण थरांच्या मध्ये प्रथिनाचं अस्तर असतं, आणि बारीक भुकटी छातीत जाते. ताई हँगिंग मोटर, म्हणजे टांगून ठेवलेलं कोरायचं यंत्र, चालवताना शेजारी पाण्याची वाटी ठेवतात आणि तोंडाला मास्क लावतात. उन्हाळ्यात वैतागतात, पण काढत नाहीत.

आता कायद्याचं. ज्या लालसर शंखावर इटलीत कॅमिओ कोरतात, तो सायप्रिकॅसिस रूफा, भारतात जुलै २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आला, म्हणजे वाघाच्या रांगेत. नॉटिलस आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपलेही त्याच यादीत. गोव्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो पातळ शिंपला लावत, तोही संरक्षित झाला. पूजेचा शंख आणि साधी कवडी त्या यादीत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीनं परिशिष्टांची मांडणी बदलली आहे, तेव्हा ऑनलाइन कुणी ‘दुर्मीळ समुद्री शंख’ म्हणून विकत असेल तर जात विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘दक्षिणावर्ती’, म्हणजे नेहमीपेक्षा उलट्या वळणाचा दुर्मीळ पूजेचा शंख, म्हणून अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा वेगळाच शंख गळ्यात मारतात. तो जन्मतःच उलट्या वळणाचा असतो, त्यात दुर्मीळ काही नाही.

ताईंनी अलीकडे कृष्णेतले शिंपलेही कोरून पाहिले. नदी आटली की वाळूत सापडतात ते, बाहेरून काळपट, आतून मोतिया. भिंत पातळ, त्यामुळे खोल कोरता येत नाही, पण कानातल्यांपुरती पाकळी निघते. ते बघून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “हे आम्ही पण करायचो की.” मी कान टवकारले. तर त्या करायच्या ते असं, शिंपल्याची पाठ ओल्या दगडावर घासत बसायचं, मध्ये भोक पडेपर्यंत. भोकाची कड ब्लेडसारखी होते. मग शिंपला मुठीत धरून कैरीवर फिरवायचा, सालीचा लांब रिबिनीसारखा काप त्या भोकातून वर येतो. त्यांनी ताईंचा एक टाकाऊ तुकडा उचलला, ओट्याच्या कडेवर घासून दाखवला आणि म्हणाल्या, “पण हा फारच पातळ आहे गं. कैरीला टिकायचा नाही.”