एचबीए१सी की फ्रुक्टोसामाइन? सिकलसेलच्या पट्ट्यात रिपोर्ट वाचताना

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची 'सरासरी साखर' सांगणाऱ्या या दोन रक्ततपासण्या. दोन्हींना उपाशीपोटी जावे लागत नाही. दोन्ही प्रथिनाला चिकटलेली साखर मोजतात, पण प्रथिन वेगळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे सिकलसेल बरेच आढळते, हाच फरक निर्णायक ठरतो.

एचबीए१सी हिमोग्लोबिनवरची, म्हणजे लाल पेशीतल्या प्रथिनावरची, साखर टक्क्यांत सांगते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून हा हिशोब मागच्या दोन-तीन महिन्यांचा. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ९ टक्के म्हणजे २१२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखर. पुढे डोळे-किडनीला किती धोका, याचा सर्वांत भक्कम पुरावा याच आकड्याशी जोडलेला आहे. टाइप १ मधुमेहावरच्या १९९३ च्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात १३ ते ३९ वयाचे १४४१ रुग्ण होते. ७ च्या आसपास राहिलेल्या गटात डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ९ च्या गटापेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होता.

फ्रुक्टोसामाइन मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तद्रवातल्या प्रथिनावरची साखर मोजते आणि दोन-तीन आठवड्यांचेच सांगते. इन्सुलिनचा डोस बदलल्याचा परिणाम त्यात लवकर दिसतो. गुंतागुंतीच्या अंदाजासाठी मात्र इतका दीर्घ पुरावा तिच्यामागे नाही. एचबीए१सी भरवशाची असेल तर तीच करावी.

भरवसा कुठे तुटतो? सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, बरेच आढळतो. एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकल जनुक मिळालेल्या रुग्णात, हिमोग्लोबिन ए हे नेहमीचे हिमोग्लोबिन नसतेच आणि पेशी १०-२० दिवसांत फुटतात. तिथे एचबीए१सीला अर्थ उरत नाही. वाहकात, म्हणजे एएसमध्ये, आकडा यंत्रावर अवलंबून. लॅबला सरळ विचारा: एचबीएस (सिकल हिमोग्लोबिन) असताना तुमचे यंत्र बरोबर आकडा देते का? नुकतेच रक्त चढवले असेल तरी आकडा फसवा. लोहाच्या कमतरतेत तो खोटाच वाढतो. पाळी सुरू झालेल्या मुलींत हे आधी तपासावे.

ग्लुकोमीटरच्या वहीत सतत २५० आणि रिपोर्टवर ६ टक्के, अशी तफावत दिसली की मुलाला शाबासकी देऊन घरी पाठवू नका. सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या सिकलसेलच्या तपासण्या करून घ्या, फ्रुक्टोसामाइन मागवा. सोबत सीरम (रक्तातले) अल्ब्युमिनही हवे: कुपोषणाने किंवा लघवीतून प्रथिने गेल्याने ते घटले असेल, तर फ्रुक्टोसामाइन खोटी कमी येते.

इजा सुरू झाली का, हे दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी साधारण अकराव्या वर्षापासून, आजाराला दोन ते पाच वर्षे झाली की, दरवर्षी सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (किडनीतून प्रथिन गळते का ते दाखवणारे) आणि डोळ्यांची तपासणी. गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर आले, तर ताप, पाळी आणि जड व्यायामाचे दिवस टाळून तपासणी पुन्हा करा. सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुने वाढलेले असतील तरच ते खरे माना. सिकलसेलमुळेही लघवीत अल्ब्युमिन येते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही आजारांचे कागद एकत्र दाखवा.